तुम्ही विचारलेत म्हणून: गाडी का विकली?

गाड्यांचा विषय निघाला की मी तासभर बोलतो आणि शेवटी कोणीतरी विचारतेच: एवढे वेड आहे, तर स्वतःची जुनी गाडी का विकलीत? ठेवायला जागा नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते, अशी उत्तरे मी आजवर दिली. ती खोटी नव्हती. पुरी मात्र नव्हती.

वेडाबद्दल शंका नको. 1970 सालची लान्चिया स्ट्राटोस झीरो अवघी 84 सेंटीमीटर उंच होती आणि तिच्यात पुढची काच उचलून शिरावे लागे, हे सांगताना मला आजही हसू फुटते. अशा कॉन्सेप्ट गाड्यांना, म्हणजे नुसत्या प्रदर्शनासाठी घडवलेल्या नमुन्यांना, मी सगळे माफ करतो, कारण त्यांना रोज पावसापाण्यात उभे राहायचे नसते. आलिशान गाड्यांशी मात्र माझे सूत जुळले नाही. रोल्स-रॉइसच्या चाकांमधली अक्षरे चाक फिरत असतानाही सरळच राहतात. त्या कारागिरीला दाद देतो, पण चाक फिरतच नाही असे भासवण्याचा खटाटोप मला खटकतो. (कोणी देऊ केली तर नाकारीन, असा दावा नाही.)

जीव जडला तो जुन्या गाड्यांवर. माझी गाडी मी एका वृद्ध गृहस्थांकडून घेतली होती. त्यांनी ती पस्तीस वर्षे चालवली होती. दाराच्या कडेवर ते जिथे कोपर टेकवत, तिथला रंग झिजून पत्रा उघडा पडला होता. क्लचच्या पेडलचे रबर एकाच बाजूने गुळगुळीत झाले होते. थंड इंजिन सुरू करताना ओढायची चोकची खुंटी परत आत जायची, म्हणून तिला कपडे वाळत घालण्याचा लाकडी चिमटा लावलेला असे. दोन वर्षे खपून मी सगळे नवे केले: पत्र्यापर्यंत रंग खरवडला, मूळ छटा शोधून लावली, सीट, रबरे, स्टिअरिंग बदलले आणि चिमटा फेकून दिला. मग मोठ्या हौसेने त्यांना बोलावले.

ते आत बसले. कोपर सवयीने दाराच्या कडेवर गेले आणि लगेच, रंगाला डाग पडेल म्हणून, त्यांनी ते उचलून मांडीवर घेतले. “चोक राहतो का आता?” त्यांनी विचारले. नवी केबल टाकली आहे, असे मी सांगितले. “बरे झाले,” ते म्हणाले. चक्कर मारू या म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले आणि उतरले. ते रागावले असते, तर मला भांडता तरी आले असते.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: उघड्या पत्र्यावर गंज धरला होता, तो खरवडला नसता तर दारच गेले असते. हे खरेच आहे. पण सीट गंजत नव्हती, स्टिअरिंगही नाही. 1971 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात झळकलेली लॅम्बोर्गिनी कुंताशची पिवळी कॉन्सेप्ट गाडी 1974 मध्ये धडक-चाचणीत नष्ट झाली, आणि 2021 मध्ये कंपनीने जुनी छायाचित्रे व कागदपत्रे धुंडाळून ती पुन्हा घडवली. तिथे मूळ गाडी उरलीच नव्हती. माझी तर दारात उभी होती.

सहा महिन्यांत मी ती विकली. घेणाऱ्याने दाराच्या कडेवरून बोट फिरवत रंगाचे कौतुक केले, तेव्हा मी किल्ली पुढे केली.

परवा आणखी एक जुनी गाडी पाहून आलो. डाव्या दाराखाली गंज आहे. किती खरवडावा लागेल, ते वाकून पाहिलेच.