घानात पूर्वेच्या रस्त्याने तमालेला जाणार असाल, तर हे आधी वाचा

"तीन तास. रस्ता झालाय आता." होहोएमधल्या आमच्या गेस्टहाउसच्या मालकांनी हे ठामपणे सांगितलं. निघण्याआधी घरी बसून वाचलेल्या दोन लेखांतही हेच होतं. उत्तर घानातल्या तमालेच्या वाटेवरच्या न्क्वांता ते बिंबिला या टप्प्याला मला आणि माझ्या मैत्रिणीला सात तास चाळीस मिनिटं लागली, आणि त्याआधी गाडी भरायची वाट बघण्यात साडेचार तास गेले. बाकीच्या घानाबद्दल माहिती हवी तेवढी मिळते. या तुकड्याबद्दल जी मिळते ती चुकीची आहे, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी नकाशा समजून घ्या. आकोसोंबोचं धरण १९६५ साली पूर्ण झालं आणि व्होल्टा नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. त्यातून झालेला जलाशय साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बुडेल आणि वर जागा उरेल. या पाण्याने देश उभा चिरलाय. आक्रा-कुमासी-किंटाम्पो-तमाले हा मोठा हायवे पश्चिमेच्या अंगाने जातो; 'हो' (हे गावाचंच नाव), होहोए, न्क्वांता ही गावं पूर्वेच्या काठाला, टोगोच्या सीमेजवळ आहेत. म्हणजे होहोएला पोचलात की तमालेला जायचे मुख्य मार्ग दोन. एक तर आल्या वाटेने आदोमीचा पूल ओलांडून आक्राला परत यायचं आणि कुमासीवरून वळसा घालायचा, नाहीतर सरळ उत्तरेला निघायचं. नकाशावर दुसरा मार्ग जवळचा दिसतो. आम्हीही तो बघूनच निघालो. वेळ वाचावा म्हणून हा रस्ता निवडत असाल, तर निवडू नका.

होहोएपर्यंत काहीच त्रास नाही. व्लीचा धबधबा छान आहे, खालच्या धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, जा. होहोए ते न्क्वांता हा प्रवासही ठीक झाला.

आता त्रोत्रो. ही तिथली वडाप समजा. जुनी मर्सिडीज किंवा फोर्डची व्हॅन, आणि मधल्या वाटेतसुद्धा घडीच्या सीटा पाडून माणसं बसवलेली. कंडक्टरला 'मेट' म्हणतात. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. आक्रासारख्या शहरात दहा मिनिटांत भरते, न्क्वांतात अर्धा दिवस जातो. स्टेशनवर टेबल टाकून बसलेला माणूस तिकीट फाडून देतो. हे भाडं चालकांच्या युनियनचं ठरलेलं असतं, परदेशी माणसालाही तेच. मला संपूर्ण प्रवासात तिकिटात कोणी एकदाही फसवलं नाही, आणि हे मुद्दाम सांगते, कारण तिकिटावर घासाघीस करणारे प्रवासी तिथे विनाकारण वाईट ठरतात.

लुबाडणूक होते ती बॅगेची. बॅगेचं भाडं छापलेलं नसतं, ते मेट ठरवतो. न्क्वांतात त्याने आमच्या दोन्ही सॅक टपावर चढवल्या, वर कोनफळाची पोती रचली, दोरी आवळली, आणि मग खाली येऊन पैसे मागितले: एका सॅकला तिकिटाच्या पाऊणपट. तेव्हा तुम्ही काय करणार? सॅक पोत्यांखाली, गाडी भरलेली, वीस माणसं निघायची वाट बघतायत. आम्ही पाकीट काढलंच होतं. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी माझा हात दाबून धरला आणि त्याला त्यांच्या भाषेत विचारलं. नंतर मला सांगितलं, की तिने स्वतःच्या भरलेल्या पोत्याला किती दिले ते त्याला ऐकवलं होतं. शेवटी आम्ही मागितल्याच्या तिसऱ्या हिश्शात सुटलो. तेही जास्तच होते, पण तिच्यामुळे एवढ्यावर भागलं.

म्हणून बॅग जमिनीवर असताना भाव ठरवा. आधी शेजारच्या प्रवाशाला विचारा, मग मेटला. आणि चाळीस लिटरपेक्षा मोठी सॅक नेऊच नका. चाळीस लिटरची मांडीवर मावते, आणि मांडीवरच्या सॅकला कोणी पैसे मागत नाही.

टॅक्सीचा सापळा वेगळा आहे, आणि त्यात आम्ही पहिल्याच दिवशी आक्रात सापडलो. रिकाम्या टॅक्सीत बसलात की ते 'ड्रॉपिंग' धरलं जातं, म्हणजे गाडी एकट्यासाठी घेतली. भाडं शेअरच्या कितीतरी पट. आपण आपले इथल्यासारखं शेअर रिक्षा म्हणून बसतो आणि उतरताना वाद होतो. दारात पाय ठेवण्याआधी "शेअर की ड्रॉपिंग?" हे विचारा. आम्ही त्या वादात एक तास आणि बरेच सेदी (तिथलं चलन) घालवले, पण नियमाने बघायचं तर ड्रायव्हर चुकीचा नव्हता.

तर तो दिवस. पहाटे साडेपाचला स्टेशनवर, दहाला गाडी सुटली. सुरुवातीला डांबर लागलं तेव्हा मालकांचं खरं वाटलं. नंतर डांबर तुकड्यातुकड्यांनी येत-जात राहिलं, आणि पुढे नुसती लाल माती. कोकणातल्या जांभ्याची जी माती आहे तीच ही माती, फक्त तिथे जानेवारीत हरमाटन वाहतो. सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. समोरून ट्रक गेला की काही क्षण काचेपलीकडे लाल भिंत. रस्ता पन्हाळीसारखा झालेला, चाक एका पन्हाळीतून दुसरीत आपटतं आणि तो हादरा दातांत येतो. मला मधली घडीची सीट मिळाली होती. तिला पाठ नव्हती, लोखंडी दांडी होती. दुपारी दोनच्या सुमारास टायर बसला. मेट गाडीखाली वाकला तेव्हा त्याच्या पापण्या लाल होत्या, भुवया लाल, आणि घामाचे ओघळ गेले तेवढ्याच रेघा काळ्या. तासाभरात त्याने एकट्याने चाक बदललं, गाडीतल्या म्हाताऱ्या आजोबांना हाताला धरून परत चढवलं, आणि "अवे!" ओरडून गाडी हलवली. बॅगेचे पैसे मागणारा हाच मुलगा. रागही तसाच आहे आणि त्याच्या कष्टांबद्दलचा आदरही.

संध्याकाळी पाच चाळीसला बिंबिला. पुढे येंडीला जाणारी गाडी तेव्हा नव्हती, म्हणून मुक्काम. दुसऱ्या दिवशी येंडीवरून तमाले. येंडीनंतरचं डांबर लागलं तेव्हा मैत्रीण झोपली आणि मी खिडकीला डोकं टेकून चक्क रडले. दमल्यामुळे असेल.

जायचंच असेल तर काही गोष्टी. राजगड-तोरणा एका दिवसात करून दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकत असाल, तर शरीर टिकेल. पाठदुखी असेल तर नको, यात चर्चा नाही. हाताशी दोन मोकळे दिवस ठेवा. रस्ता कसा आहे हे गावातल्या माणसाला विचारू नका, बिंबिलाहून आदल्या दिवशी आलेल्या ड्रायव्हरला विचारा. न्क्वांता आणि बिंबिला या दोन्ही भागांत जमिनीवरून, गादीवरून जुने तंटे आहेत आणि मधूनच संचारबंदी लागते. तीही चौकशी आदल्या संध्याकाळी करा. पावसाळ्यात हा विचारच नको. तिकीट काढताना ड्रायव्हरमागची पहिली रांग मागा, उजवी खिडकी. उत्तरेला जाताना दुपारनंतर ऊन डावीकडून येतं. नाकाला ओला पंचा मास्कपेक्षा बरा. बायकांसाठी: स्टेशनवर पैसे देऊन शौचालय मिळतं, वाटेत झाडाआड जायचं, त्यामुळे घेरदार स्कर्ट किंवा सैल सलवार. सुट्ट्या नोटा आक्रातच जमवा. आणि पैसे देताना-घेताना उजवा हात, हे आपल्याला शिकवायला नको.

बाजारात एखादी वयस्क बाई दोन सेदींच्या वस्तूला "वीस हजार" म्हणाली तर घाबरू नका. २००७ साली दहा हजार जुन्या सेदींचा एक नवा सेदी झाला, काहींच्या तोंडात अजून जुना हिशोब आहे. ती फसवत नाहीये.

शाकाहारी असाल तर 'रेड रेड' शोधा. चवळीची उसळ, पामतेलातली, सोबत तळलेली पिकली राजेळीसारखी केळी. मासे न घालता द्या म्हणून सांगावं लागतं. 'वाचे' म्हणजे भात आणि चवळी एकत्र, तेही चालेल, पण त्यावरचा काळा 'शितो' नको म्हणा, त्यात सुकी मासळी असते. अंडं खाणाऱ्यांना कुठल्याही थांब्यावर उकडलेलं अंडं ठेच्यासारख्या मिरचीबरोबर मिळतं. त्या दिवशी आम्ही त्यावरच जगलो.

तमाले मला घानातलं सगळ्यात आवडलेलं शहर. सकाळी कोणी "दसिबा" म्हणालं की "नाऽ" एवढंच उत्तर द्यायचं, माणसं खुलतात. रस्त्यावर पिवळ्या रिक्षा, त्यांना 'येलो येलो' म्हणतात, आणि पहिल्याच रिक्षावर बजाज लिहिलेलं दिसलं तेव्हा दोन दिवसांचा शीण उतरला.

तिथून मोले राष्ट्रीय उद्यान. जुन्या पुस्तकांत या रस्त्याची भीती घातलेली असते, ती विसरा. आता मोलेच्या तोंडाशी असलेल्या लाराबांगा गावापर्यंत डांबर आहे आणि गाडी सुसाट जाते. लाराबांगात उतरल्यावर मातीची जुनी मशीद दाखवायला चार-पाच जण मागे लागतात. एकाशीच बोला, रक्कम आधी ठरवा, बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणा. मोलेत बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फिरून हत्ती बघितले. उत्तम.

परत येताना तमाले-कुमासी-आक्रा मोठ्या बसने. एसी फार कडक असतो, शाल हाताशी ठेवा. आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका. घानात शिरताना ते लागतंच, पण मुंबईला उतरल्यावरही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.