लहान मुलांना घेऊन दिवाडी बेटावर एक सकाळ

गोव्यात आलेल्या मराठी कुटुंबाचा बेत साधारण ठरलेला असतो: किनारे, जुन्या गोव्यातली चर्च, पणजीची संध्याकाळ. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की मांडवीपलीकडे दिसणारं हिरवं दिवाडी बेट मात्र बहुतेकांचं राहून जातं. घरात चालायला नुकतं शिकलेलं किंवा शाळेत नुकतं जाऊ लागलेलं मूल असेल, तर मी म्हणेन की किनाऱ्यावरची एखादी सकाळ कमी करा, पण दिवाडीला जा. आम्ही जानेवारीत गेलो. धाकटी साडेतीन वर्षांची, मोठी सहा वर्षांची.

बेटावर जायला फेरीबोट लागते. एक जुन्या गोव्याहून सुटते, दुसरी रायबंदरहून आणि तिसरी उत्तरेकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून. मुलं बरोबर असतील तर जुन्या गोव्याची बाजू सोयीची. सेंट कजेतान चर्चजवळून धक्क्याकडे उतरताना व्हाइसरॉयची कमान लागते. गोव्यात येणारे पोर्तुगीज गव्हर्नर याच कमानीतून शहरात शिरत. एवढं सांगितल्यावर मोठीने कमानीतून दोनदा ये-जा केली. रायबंदरहून जाणार असाल तर बोट कुठली ते विचारूनच चढा, कारण तिथून चोडण बेटाकडेही फेरी जाते.

फेरीत पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही. चारचाकीला थोडं भाडं पडतं. वेळापत्रकाची चिंता नको, एक बोट गेली की थोड्या वेळाने ती परत येतेच. मात्र चढता-उतरताना मुलाचा हात घट्ट धरा. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते तिथे फट असते, आणि फळी टेकताक्षणी दुचाकीवाले निघतात. आधी गाड्या जाऊ द्याव्यात, मग आपण उतरावं. नदी पार करायला काही मिनिटंच लागतात, पण मुलींना तेवढ्यात इंजिनाची थरथर, पाण्यावरच्या घारी आणि मागे लहान होत जाणारी चर्च सगळं पाहायचं होतं. बोट रिकामी असेल तर कठड्यापासून जरा आत, उंचवट्यावर जागा मिळते. तिथून मुलांना नीट दिसतं आणि आपल्यालाही धास्ती राहत नाही.

उतरल्यावर गावाकडे जाणारा सपाट रस्ता खाजण जमिनीतून जातो, आणि माझ्या मते दिवाडीला यायचं ते या रस्त्यासाठीच. खाजण म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेती. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे उभं राहून दाखवता येतं आणि लगेच कळतंही. पावसाळ्यात इथे खारं पाणी सोसणारं कोरगुट भात घेतात. हिवाळ्यात शेतं मोकळी असतात आणि त्यांत बगळे चरत असतात.

ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा. पाणी ओसरलं की कांदळवनाच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि खरी गंमत तिथे सुरू होते. एकच नांगा मोठा असलेले छोटे खेकडे तो वर-खाली हलवत असतात, निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावरून उड्या मारतात, तारेवर खंड्या बसलेला असतो. चिखलातून वर आलेल्या खारफुटीच्या मुळ्या बघून धाकटीने विचारलं, "ही झाडं उलटी लावलीत का?" त्या मुळ्यांनी झाड श्वास घेतं हे सांगितल्यावर ती बराच वेळ वाकून त्यांचा आवाज ऐकत होती. चिखलात मात्र उतरू देऊ नका. पाय खोल जातो, शिंपल्यांची धार लागते. रस्त्यावरूनच सगळं दिसतं.

चालण्यात चढ जवळजवळ नाही, त्यामुळे बाबागाडी चालते. पण पदपथ नाही आणि सावलीही नाही. फेरीतून उतरलेल्या गाड्या एकदम येतात, नंतर पुढची बोट येईपर्यंत रस्ता जवळपास रिकामा राहतो. म्हणून तो लोंढा पुढे गेल्यावर चालायला लागा. सकाळी आठच्या आत बेटावर असलेलं उत्तम, दहानंतर ऊन लहान मुलांना सोसत नाही. आम्ही गाडी फेरीतून नेली होती. थोडं चालायचं, मुली दमल्या की गाडीत बसायचं, हे फार सोपं गेलं. अगदी लहान मूल असेल तर मी पायी पूर्ण गाव गाठायचा हट्ट धरणार नाही. धक्क्याजवळच्या पट्ट्यात तासभर फिरून परतलात तरी सहल पूर्ण झाली असं समजा.

बेटावरून कोकण रेल्वे जाते, पण इथे स्थानक नाही. गाडी येते आणि पुलावरून निघून जाते. मुलींच्या दृष्टीने दिवसाचा मान तिलाच.

पिएदाद गावातल्या टेकडीवर चर्च आहे, अवर लेडी ऑफ कम्पॅशन. वर गाडी जाते. वरून मांडवी, खाजणं आणि पलीकडची जुन्या गोव्याची शिखरं एका नजरेत दिसतात. शेजारच्या दफनभूमीतल्या चॅपलमध्ये कदंब या गोव्याच्या जुन्या राजघराण्याच्या काळातल्या मंदिराचे कोरीव अवशेष आहेत. ते जरूर पाहा, पण तिथे येणारी माणसं आपल्या माणसांना भेटायला येतात, म्हणून मुलांना आधी समजावून मगच आत न्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी चर्चच्या अंगणात खेळणं टाळावं.

खाण्यापिण्याचं सामान बरोबर घ्या. दुकानं मोजकी आहेत आणि दुपारी बरीचशी बंद होतात. पाणी जास्त, टोपी, डासांसाठी मलम, कपड्यांचा एक जोड. शौचालयाचं जुन्या गोव्यातच उरकून फेरीत चढा, बेटावर ती सोय सहज सापडत नाही. दुर्बीण असेल तर न्याच, मुलं ती एकमेकांच्या हातातून ओढत पाहतात. कचरा परत आणायची पिशवीही ठेवा, खाजणात पडलेलं प्लॅस्टिक थेट मानसेच्या दारात जाऊन अडकतं. ऑगस्टमध्ये बोंदेराचा उत्सव असतो. तो रंगीत असतो, पण शांतता हवी असेल तर तो दिवस सोडून जा.

उत्तर गोव्यात राहत असाल तर आल्या वाटेने परतू नका. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी घ्या. पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंबांचं हे कुलदैवत मूळचं दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बेटावरचं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नेलं गेलं, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख दारावर आहे. मोठ्या मुलांना तो वाचून दाखवा. तिथून डिचोलीमार्गे म्हापशाकडे जाता येतं, आणि मुलं बहुधा गाडीतच झोपतात.