रंग काढला होता का?

मागच्या ट्रिपचा माझा एक रिपोर्ट परत आला. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरच्या ऑफिसमधल्या बाईंकडून, एका ओळीच्या ईमेलसोबत: "या ब्रॅकेटचा रंग काढला होता का?"

नव्हता काढला. आणि ती ओळ वाचून मला जो राग आला, तो दोन दिवस उतरला नाही.

आमची रिग, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या कामाचा प्लॅटफॉर्म, तरंगती आहे. मोठाल्या खांबांवर डेक, आणि खांबांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या माणूसभर उंचीच्या पोकळ नळ्या. त्यांना आम्ही ब्रेस म्हणतो. दोरावर लटकून त्यांचे जोड तपासायचे, हे माझं काम. हा ब्रॅकेट, म्हणजे वेल्ड करून बसवलेला आधार, अशाच एका ब्रेसवर आहे, तळहाताएवढा. कधीकाळी त्यावरून एक केबल जायची, ती काढूनही आता वर्षं झाली. रंग गुळगुळीत, गंजाचा एक ओघळ नाही. यादीत त्याच्यापुढे "जवळून पाहणी" एवढंच होतं. मी पाहिलं आणि लिहिलं, "वेल्डमध्ये दोष नाही."

बारा वर्षं हे काम करतोय, त्यातली सात मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, मुंबई हायवर. पावसाळ्याच्या तोंडावर जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, पायांशी लटकून मी जे जोड तपासलेत, ते इथल्या कित्येकांनी पाहिलेही नसतील. असं सगळं त्या बाईंना लिहावं असं वाटलं. लिहिलं नाही. (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पहिलं वर्षभर मी त्यांना मॅडमच म्हणत होतो.)

एका ब्रॅकेटसाठी परत जायचं म्हणजे काय, ते सांगतो. नवं परमिट. प्रत्येकाला दोन दोर, दोन वेगळ्या जागी बांधलेले. वर देखरेखीला तिसरा माणूस. हातातलं प्रत्येक अवजार, अगदी मार्करसुद्धा, दोरीने अंगाला बांधलेलं. खाली समुद्र असल्यामुळे बचाव-बोट तयार हवी, आणि लाटा इतक्याच हव्यात की ती बोट खरोखर पाण्यात सोडता येईल. ती अट दीड दिवस पुरी होईना. आम्ही सूट चढवून बसलो, सूट उतरवून जेवलो, पुन्हा चढवला. कुणी कुरकुरलं नाही, हे मला जास्तच खुपत होतं.

शेवटी उतरलो. वायर ब्रशने रंग काढून धातू उघडा केला. त्यावर पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ थर. मग योक, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक. ते साडेचार किलोचं वजन उचलतंय ना, हे सकाळीच तपासून घेतलं होतं. योक वेल्डवर टेकवायचा आणि काळी शाई फवारायची. शाईत लोखंडाचे बारीक कण असतात. कुठे चीर असेल तर चुंबकीय रेषा तिथे धातूबाहेर येतात, कण तिथे गोळा होतात आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. योक एकदा उभा लावायचा, एकदा आडवा, कारण त्या रेषांच्या दिशेनेच गेलेली चीर दिसत नाही. तो ब्रॅकेट मी चारही बाजूंनी केला, दोनदा.

काहीच नव्हतं. स्वच्छ वेल्ड. फोटो पाठवला. उत्तर आलं: "धन्यवाद. आता आपल्याला माहीत आहे."

"आता"? मी आधी लिहिलं होतं तेच तर निघालं!

त्या ट्रिपहून परतल्यावर स्टॅव्हँगरच्या बंदरावरच्या पेट्रोलियम म्युझियममध्ये गेलो. पूर्वी एकदा ट्रेनिंगच्या वेळी घाईत पाहिलं होतं. तिथे अलेक्झांडर किलँड रिगच्या ब्रेसचा तुटलेला भाग ठेवलाय. किलँड हा याच गावचा लेखक, रिगला त्याचं नाव दिलं होतं. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात तिचा एक ब्रेस तुटला. पाठोपाठ त्याच खांबाचे बाकीचे ब्रेस गेले, पाचातला तो खांबच सुटला, आणि वीसेक मिनिटांत रिग उलटली. २१२ माणसं होती, १२३ गेली. ती राहण्यासाठी वापरली जाणारी रिग होती. कामावरून आलेले लोक जेवत होते, सिनेमा बघत होते.

चीर सुरू झाली ती ब्रेसवर बसवलेल्या हायड्रोफोनच्या आधारापासून. पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या त्या यंत्रासाठी ब्रेसला भोक पाडून आधार बसवला आणि भोवती ६ मिलीमीटरचं वेल्ड मारलं. रिग पेलण्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून त्याच्याकडे तेवढ्या काळजीने कुणी पाहिलं नाही. चौकशीत त्या वेल्डच्या चिरेच्या आत रंग सापडला. म्हणजे रिग यार्डातून बाहेर पडण्याआधीच चीर होती आणि तिच्यावरून ब्रश फिरला होता. (ते यार्ड फ्रान्समधलं, डंकर्कचं. निष्काळजीपणा फक्त आपल्याकडेच होतो असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) पुढची चार वर्षं ज्यांनी ज्यांनी तो आधार पाहिला असेल, त्यांना रंगच दिसला असणार.

तिथे उभं राहून मला माझं वाक्य आठवलं. मी पाहिला होता रंग, आणि लिहिलं होतं वेल्डबद्दल. "रंग शाबूत आहे" एवढंच लिहिलं असतं तर ते खरं होतं.

बाबा करंजाच्या धक्क्यावर वेल्डर होते. ट्रॉलरची कामं करायचे. उरणच्या खाऱ्या हवेत आमच्या घराच्या ग्रिल दर दिवाळीला रंगवाव्या लागत. शेजारी जुन्या रंगावरच नवा हात मारून मोकळे व्हायचे. बाबा मला पॉलिश पेपर देऊन बसवायचे, लोखंड उघडं पडेपर्यंत, आणि मगच रेड ऑक्साइड. ही शिस्त मी नॉर्वेत येऊन शिकलो असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. मी ती घरून घेऊन आलो होतो. मध्ये कुठेतरी ढिली झाली. सर्व्हेच्या आधी घाईने रंग मारलेल्या जागा मी मुंबई हायवर पाहिल्या आहेत आणि तेव्हा गप्प बसलो आहे.

इथल्या लोकांना वेळ आहे, पैसा आहे. दोन आठवडे काम आणि चार आठवडे सुट्टी आहे. बोट सोडता येईना म्हणून दीड दिवस थांबणं त्यांना परवडतं. २७ जुलै २००५ ला, मुंबई बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय नॉर्थ हा प्लॅटफॉर्म जळाला. सपोर्ट व्हेसल, म्हणजे मदतीचं जहाज, रायझरवर, म्हणजे समुद्रतळाकडून वर येणाऱ्या तेल-वायूच्या पाइपवर, आदळून आग लागली. २२ जण गेले. पण त्या पावसाळी समुद्रातून ३६२ माणसं वाचवली, आणि वाचवणारे आपलेच होते. २६ जुलै आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २७ जुलै मला कधी कुणी बोट धरून दाखवला नाही, इथली शाळेतली पोरं त्या तुटक्या ब्रेससमोर उभी असतात तसा. मी परत का येत नाही असं घरचे विचारतात, तेव्हा पगाराचं कारण सांगतो. ते खरंही आहे.

म्युझियममधून घरी आल्यावर गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट काढून बसलो. रंगावरून वेल्डबद्दल लिहिलेल्या आणखी अकरा जागा सापडल्या. यादी करून ऑफिसला पाठवली आणि तीच मागणी केली: परमिट, दोर, बोट. समुद्र बरा राहिला तर चार दिवसांचं काम. सोमवारी निघतोय.