तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दकोडं घोळक्यानं का सोडवता?

शब्दकोड्यांचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कोडं म्हणजे एकट्यानं डोकं खाजवायची गोष्ट. तुम्ही पाच जण फोनवर बसून सोडवता, मग त्यात राहिलं काय? परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिल्यासारखंच झालं ना?" विचारणारे बहुतेक वेळा नात्यातलेच असतात, कारण रविवारी रात्री जेवणं आटोपली की माझा फोन तास-दीड तास लागत नाही. तेव्हा एकदाचं नीट उत्तर देऊन टाकते.

आधी कोडं कुठलं ते सांगायला हवं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज येतं ते नव्हे. 'पती (३)' दिलं की 'नवरा' लिहायचं, 'रस्ता (२)' दिसलं की 'वाट'. समानार्थी शब्द पाठ असले की काम भागतं, आणि महिनाभरात तेच ते शब्द पुन्हा भेटायला लागतात. आम्ही सोडवतो ती गूढ कोडी. त्यातल्या क्लूच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांच्या कसरतीतून मिळतो. दोन्ही वाटांनी एकाच शब्दावर पोचलात तर उत्तर पक्कं. वरवर वाचलं तर वाक्य भलतंच काही सांगत असतं. 'पहिला सूर आणि चांदणी मिळून किल्ल्याचं गाव (३)': सा अधिक तारा, सातारा. 'गरिबाला उलटं केलं, वाहत गेली (२)': दीन उलटा वाचा, नदी. 'गळ्यात पडली तर ती, गावाबाहेर पसरला तर तो (२)': माळ.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे वाक्यातच दडवलेलं उत्तर. 'सावली हवी? माझा डबा उघडून आत बघा (२)'. 'माझा डबा' यातला पहिला 'मा' आणि शेवटचा 'बा' काढा, आत झाड आहे. अक्षरं समोर, क्रमही तोच, उलटसुलट काही करायचं नाही. सगळ्यात सोपा प्रकार हाच असायला हवा. प्रत्यक्षात लोक सगळ्यात जास्त अडतात ते इथेच.

आता त्या फोनवर काय होतं ते सांगते. लीड्सला नोकरी करणारा आमच्यातला सर्वांत धाकटा गडी, त्यानं एकदा क्लू टाकला: 'दिवसा गरमच, पोटात मात्र खारं पाणी (३)'. सांगलीचे सर, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेले, लगेच म्हणाले, "समुद्र." तीन घरं, तीन अक्षरं, खारं पाणी. सगळं बसतंय. नागपुरात औषधांचं दुकान चालवणारे भाऊ म्हणाले, "घामोळं." हसून झालं. पण आमच्यात नियम आहे की उत्तराबरोबर कारण द्यायचं. सर म्हणाले, "समुद्र दिवसा तापतो." लीड्सवाल्यानं विचारलं, "मग 'पोटात' हा शब्द मी कशाला घातला?" सर गप्प. एक शब्दही वाऱ्यावर सोडायचा नाही, प्रत्येकाला काम असलंच पाहिजे. चांगल्या क्लूची कसोटी तीच. आफ्रिट या टोपणनावानं कोडी रचणारे इंग्लंडमधले शाळामास्तर रिची यांनी रचणाऱ्यांसाठी तत्त्वच घालून दिलं होतं. त्याचा मतलब असा, की मी जे बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण माझ्या मनात जे आहे ते बोलण्यात आलंच पाहिजे. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही.

तेवढ्यात इतका वेळ काहीच न बोललेल्या ताई म्हणाल्या, "सापडलं. वाचताना मधे थांबू नका." झालं, एवढंच. भाऊंनी धडाधड वाचलं, "दिवसागरमच... अरे, सागर!" 'दिवसा गरम' याच्या पोटात सागर होता.

या ताई मोडी वाचतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्या मोडी शिकल्या आणि आता लोकांची जुनी घरगुती कागदपत्रं वाचून देतात. जुन्या मोडी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. आधी ओळ आखायची आणि मग तिला लटकवून अक्षरं सलग लिहीत जायची. शब्द कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ताईंचा डोळा त्यात तयार झालाय. आपण 'दिवसा' आणि 'गरम' असे दोन ठोकळे बघतो, त्यांना सहा-सात अक्षरांची एक माळका दिसते आणि ती कुठेही तोडून बघायची सवय असते. माझं उलट आहे. मी मुद्रितशोधक. दोन शब्दांमधली जागा बरोबर आहे की नाही हे तपासणं ही माझी रोजीरोटी. त्यामुळे सांध्यावर दडलेला शब्द मला दिसतच नाही, पण श्लेष असला तर सगळ्यांच्या आधी कळतो, कारण एका शब्दाच्या दोन अर्थांनी वाक्य घसरतं कुठे हे दिवसभर बघत असते. सरांना संधी आणि समास आधी दिसतात. भाऊ क्लू मनात न वाचता मोठ्यानं वाचतात, आणि कानाला जागा ऐकू येत नाही.

म्हणून पाच जण. उत्तर वाटून घ्यायला नव्हे. वाचायच्या सवयी निरनिराळ्या आहेत, आणि गूढ कोडं रचणारा माणूस तुमच्या सवयीवरच डाव टाकतो. माझ्यासारख्याच पाच मुद्रितशोधक बायका एकत्र बसल्या असत्या तर 'समुद्र' लिहून मोकळ्या झालो असतो.

आणि कोडं एकट्यानं सोडवायचं हे ठरवलं कुणी? शब्दांची चौकट तशी अलीकडची. आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणीत पहिलं शब्दकोडं छापलं ते २१ डिसेंबर १९१३ ला. त्याचा आकारही चौकोनी नव्हता, शंकरपाळ्यासारखा होता. दशकभरात ते इंग्लंडला पोचलं आणि तिथल्या लोकांनी त्यात आडवळणं भरली. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये शब्दकोडं सुरू झालं १ फेब्रुवारी १९३० ला. रोज सकाळी आगगाडीत एक माणूस, एक पेपर, एक पेन्सिल, हे चित्र त्या काळातलं. 'द हिंदू'च्या कोड्यावर पोसलेली आपल्याकडची इंग्रजीवाली मंडळीही तेच चित्र डोक्यात घेऊन बसलेली असतात.

आपल्याकडचं कोडं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि ते कधीच एकट्याचं नव्हतं. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांमध्ये प्रहेलिका, म्हणजे कोडं घालणं, आहे. सातव्या शतकाच्या सुमाराला दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकारानं 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे प्रकार सांगितले, आणि त्या कशाला उपयोगी पडतात तेही सांगितलं: गोष्ठीतल्या, म्हणजे मैफलीतल्या, करमणुकीला, गर्दीत जाणकाराशी गुपचूप बोलायला आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकायला. तिन्ही उपयोगांना किमान दोन माणसं लागतात. चारचौघांत बसूनच हा खेळ खेळायचा असं दंडी गृहीत धरूनच चाललाय. खेड्यात रात्री अंगणात पोरं एकमेकांना उखाणे घालायची तेही टोळीनंच.

दडवलेल्या उत्तराचं तर संस्कृतात नावच आहे, अंतर्लापिका. सरांनी आम्हाला ऐकवलेला हा श्लोक शाळेत अनेकांनी पाठ केला असेल:

कं संजघान कृष्णः? का शीतलवाहिनी गङ्गा?
के दारपोषणरताः? कं बलवन्तं न बाधते शीतम्?

चार प्रश्न. कृष्णानं कोणाला मारलं? थंडगार वाहणारी गंगा कुठली? बायकोच्या पालनपोषणात कोण गुंतलेले असतात? कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? आता जागा काढून पुन्हा वाचा. कंसं जघान कृष्णः, कृष्णानं कंसाला मारलं. काशीतलवाहिनी गङ्गा, काशीच्या भूमीवरून वाहणारी. केदारपोषणरताः, शेताची मशागत करणारे. कंबलवन्तं, ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. प्रश्नातच उत्तर, एकही अक्षर न हलवता. 'दिवसा गरम'मध्ये सागर लपवणाऱ्या लीड्सच्या पोरानं हे ऐकलं तेव्हा तो बराच वेळ नुसता "च्यायला" म्हणत होता. माझ्या मते बायकोच्या ओळीतला श्लेष सगळ्यांत सरस आहे, पण सरांना कांबळंच प्रिय.

एकत्र सोडवायचं म्हणजे आरडाओरडा नाही. उत्तर फोडणं हा आमच्यात सगळ्यात मोठा गुन्हा. कोडं आदल्या दिवशी सगळ्यांकडे जातं, जेवढं जमेल तेवढं ज्यानं त्यानं सोडवून ठेवायचं. फोनवर ज्याला सापडलं असेल त्यानं फक्त "सापडलं" म्हणायचं. बाकीच्यांनी मागितलं तर पहिला इशारा इतकाच, की सरळ अर्थ वाक्याच्या सुरुवातीला आहे की शेवटाला. दुसरा इशारा प्रकाराचा: उलटलंय, जोडलंय, की दडवलंय. अक्षर सांगायची वेळ सहसा येत नाही. ताईंचं "वाचताना मधे थांबू नका" हा माझ्या मते इशाऱ्याचा नमुना: खरा, पुरेसा, आणि उत्तर भाऊंनाच मिळू दिलं. शब्द आहे की नाही यावर वाद झाला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, तिथे नसेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्यापुढे अपील नाही.

रचणारा आणि सोडवणारा यांच्यात जे काही असतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. जॉन ग्रॅहॅम हे धर्मगुरू 'अरौकारिया' या नावानं 'गार्डियन'मध्ये अनेक दशकं कोडी रचत होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्यावर सूचना होती, की अरौकारियाला १९ चा १८ उभा झालाय आणि त्यावर १३ १५ चालू आहे. लोकांनी घरं भरत नेली तेव्हा शब्द निघाले: अन्ननलिकेचा कर्करोग, आणि वेदना हलक्या करण्यापुरते उपचार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले, ९२ व्या वर्षी. आपल्या आजाराची बातमी ज्यांना सांगायची, त्यांनी ती स्वतः सोडवून घ्यावी असं त्या म्हाताऱ्याला वाटलं. मला यात विचित्र काही वाटत नाही. इतकी वर्षं तो त्यांच्याशी असाच बोलत आला होता.

मराठीत रचताना मात्र हात बांधलेले असतात. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर, त्यामुळे अक्षरांची फिरवाफिरवी करून नवा शब्द काढणं हा तिथला हुकमी एक्का. आपल्या घरात मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं एकत्र राहतं. 'पुस्तक'ची घरं तीन, आणि तो 'स्त' फोडता येत नाही. 'दमत'चं 'मदत' होतं, 'कपट'चं 'टपक' होतं, पण अशा जोड्या लवकर संपतात. शिवाय आडवा शब्द उभ्याला जिथे छेदतो तिथे वेलांटीसकट जुळावं लागतं, म्हणून छेद कमी मिळतात आणि सगळा भार क्लूवर पडतो. लिंगाची कटकट वेगळीच. 'ती' म्हटलं की निम्मे शब्द गळाले, 'तो' म्हटलं की उरलेले. 'माळ'सारखा दोन्ही लिंगांत फिरणारा शब्द मिळाला तर रचणाऱ्याची दिवाळी. दडवलेल्या उत्तरांसाठी मात्र आपली भाषा सोन्यासारखी आहे. 'पुस्तक मळलं' यातसुद्धा कमळ निघतं.

या छेदांवरूनच हल्ली आमच्यात जुंपलेली असते. भाऊंचं म्हणणं, ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यावी. आडव्या 'दिवस'मधला 'दि' उभ्या 'नदी'ला चालवून घ्यावा, म्हणजे चौकटी दाट होतील आणि रचणं सुसह्य होईल. लीड्सवालाही त्यांच्या बाजूला गेलाय. ताई तटस्थ, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचं फारसं कुणी मनावर घेतच नव्हतं. मी धंद्याला जागून सरांच्या बाजूला. सर म्हणाले, "मग दिन आणि दीन यांत फरक काय राहिला? दिन उलटा केला तर 'नदि' होते, आणि तसली नदी महाराष्ट्रात कुठे वाहत नाही." भाऊ म्हणाले, नागपूरला नाग नदी आहे, ती तरी कुठे वाहते? त्यावर सरांना उत्तर सुचलं नाही, पण नियम तूर्त त्यांचाच चालू आहे.