ओल्या केसांना मिळालेली शुभेच्छा

मॉस्को, ३० डिसेंबर

आज संध्याकाळी न्हाऊन, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून जिन्यात कचरा टाकायला गेले, तेव्हा समोरच्या घरातल्या आजी दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी सहज म्हणाल्या, "स ल्योख्किम पारम!" हे शब्द मला पाठ होते, त्यांचा अर्थही वहीत लिहिलेला होता, पण ते कोणी मला उद्देशून म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. "स्पासीबा" (धन्यवाद) म्हणून मी घरात आले आणि बराच वेळ तेच शब्द मनात घोळवत बसले.

शब्दशः अर्थ एवढाच, की 'हलक्या वाफेसह'. रशियन 'बान्या'त, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढतात आणि बर्चच्या पानांसकट बांधलेल्या डहाळ्यांच्या जुडीने अंग झोडून घेतात. जी वाफ छातीवर दाटत नाही, जिच्यात श्वास मोकळा राहतो, ती हलकी वाफ. आता घरोघरी नळाला गरम पाणी आहे, तरी न्हाऊन आलेल्या माणसाला हेच म्हणायचे असते. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे, उटण्याचे एवढे कौतुक असूनही, रोजच्या अंघोळीनंतर म्हणायची शुभेच्छा मात्र आपल्याजवळ नाही, ही उणीव मला आज पहिल्यांदा जाणवली.

हेच शब्द एल्दार रियाझानोव यांच्या १९७५ सालच्या दूरदर्शनपटाच्या नावाच्या उत्तरार्धात आहेत. तो पहिल्यांदा १ जानेवारी १९७६ रोजी दाखवला गेला आणि तेव्हापासून वर्षअखेरीस इथल्या घराघरांत तो लागतोच. ३१ डिसेंबरला मित्रमंडळी बान्यात जमतात, तिथून कथा सुरू होते. गेल्या वर्षी मी तो उपशीर्षके बंद करून पाहिला, तेव्हा फार तर चौथा हिस्सा कळला. पण शीर्षकातले 'ल्योख्किम' कानाने ऐकले आणि एक गोष्ट कायमची कळली, की लिहिताना तिथे 'ग' असतो आणि बोलताना 'ख' होतो. पुस्तक वाचून हे मला कधी लक्षात राहिले नसते.

खरा आनंद पुढेच होता. 'स ल्योख्किम पारम', 'स नोविम गोदम' (नवे वर्ष), 'स प्रियेझ्दम' (कोणी प्रवासाहून आले की), 'स अब्नोफ्कय' (नवे कपडे किंवा जोडे घेतले की) अशी शुभेच्छांची रांग वहीत एकाखाली एक लिहिली, तेव्हा दिसले की सगळ्यांच्या आरंभी तोच 'स' आहे आणि पुढचे नाम तृतीयेत आहे. 'अभिनंदन करतो' हे क्रियापद बोलताना गळून गेले आहे, विभक्ती तेवढी उरली आहे. ज्या तृतीयेच्या तक्त्यांपुढे मी महिनोन्महिने अडखळत होते, ती आता मला माणसांच्या तोंडून येते. 'पारम' आठवले की पुल्लिंगी एकवचनाचा, लिहिताना 'ओम' आणि इथे बोलताना 'अम' होणारा, प्रत्यय आपोआप आठवतो.

कानाचे शिक्षण मुख्यतः मेट्रोत होते. "अस्तारोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा. स्लेदुयुश्शया स्तांत्सिया..." ('सावधान, दारे बंद होत आहेत. पुढचे स्थानक...') हे मी रोज निदान वीस वेळा ऐकते. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा. 'द्वेरी'त आपले 'दार' आहे, हे कळले त्या दिवशी मला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. 'स्तांत्सिया'तला 'त्स' म्हणजे थेट आपल्या 'चमचा'तला च आणि रशियनचा दुसरा च म्हणजे 'चिमणी'तला. ज्या दोन ध्वनींसाठी वर्गातल्या इतरांना तोंड वेडेवाकडे करावे लागे, ते आपण लहानपणापासून बोलतो. म्हणूनच उच्चारांच्या खुणा मी देवनागरीत करते.

गेल्या वर्षीची चूकही नोंदवून ठेवते. १ जानेवारीच्या सकाळी मी याच आजींना "स नस्तुपायुश्शिम!" म्हटले होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन, शांतपणे सांगितले, "आता नस्तुपीफ्शिम." पहिला शब्द 'येऊ घातलेल्या' वर्षासाठी, दुसरा 'आलेल्या' वर्षासाठी, मध्यरात्र उलटली की धातुसाधित बदलते. वर्तमान आणि भूतकाळाच्या धातुसाधितांचा फरक त्या क्षणी मला जसा समजला, तसा कोणत्याही धड्यात समजला नव्हता.

उद्या संध्याकाळी मंडारिन संत्र्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे जायचे आहे. बारा वाजायच्या आत पोहोचले, तर 'नस्तुपायुश्शिम'. त्यांनी परवा नवी लोकरी शाल घेतली आहे. ती अंगावर दिसली, तर आधी 'स अब्नोफ्कय' म्हणायचे.