तुम्ही विचारलंत म्हणून: वायू पडताना कुणी पाहिलाय का?

नाही. कुणीच पाहिलेला नाही, मी तर नाहीच. बटू, म्हणजे छोट्या, दीर्घिकांमध्ये बाहेरच्या अवकाशातून वायू पडतो आणि त्यामुळे नवे तारे जन्मतात, असं मी व्याख्यानात सांगते. ते संपलं की हा प्रश्न येतोच, नाशिकमध्ये तर हमखास, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "सापडलात मॅडम!" असा आनंद असतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

वायू सेकंदाला शंभर किलोमीटर वेगाने आत येत असला, तरी एक प्रकाशवर्ष ओलांडायला त्याला 3,000 वर्षं लागतात. आणि दीर्घिका बटू म्हटली तरी हजारो प्रकाशवर्षं रुंद. "पडताना" बघायला कुणी बसायचं?

आमच्या हाती लागतो तो फक्त वेग, तोही अर्धामुर्धा. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरी ती टिपते. लहरीची लांबी किती बदलली यावरून वायूचा ढग आपल्याकडे येतोय की दूर चाललाय ते कळतं. तो दीर्घिकेच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते मात्र कळत नाही. अलीकडचा ढग दूर चालला असेल तर तो दीर्घिकेत पडतोय. पलीकडचा असेल तर तिच्यातून पळतोय. आकडा तोच, अर्थ उलटे: एक बाण आत, एक बाहेर.

कॉलेज रोडवरच्या एका सभागृहात मी हेच सांगत होते. लपवत नव्हते, हे मुद्दाम नोंदवते. पहिल्या रांगेत आई होती, माझं व्याख्यान पहिल्यांदाच ऐकायला आलेली. मागून एक हात वर झाला. मला बी.एस्सी.ला शिकवलेले सर. त्यांना बघून मला बरंच वाटलं, आपलं माणूस म्हणून. सर उभे राहिले, माईक नको म्हणाले, आवाज तसाच खणखणीत. "अगं, कुणी पाहिलं नाही. बाण दोन्हीकडे निघतो हे तूच सांगतेस. तरी म्हणतेस, आतच पडतोय. मग पंचवटीत पत्रिका मांडून बसणारे आणि तू, फरक काय?"

सभागृह हसलं. दुष्टपणे नव्हे, पण पोटभर. सरही हसत होते. मी उत्तराला सुरुवात केली, "फरक असा, की ऑक्सिजनचं प्रमाण..." तेवढ्यात संयोजकांनी घड्याळ दाखवलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. हातात शाल आणि श्रीफळ, तोंडात अर्धं वाक्य. रिक्षात आई म्हणाली, "पण खरंच का गं, कुणीच पाहिलं नाही?" अशोकस्तंभापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता म्हणून जास्त लागला. आणि हो, सरांनी तो मला घरी विचारायला हवा होता, असं मला आजही वाटतं. वाटू दे.

ते अर्धं वाक्य असं होतं. किसो 5639 नावाची एक दीर्घिका 8.2 कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बेडकाच्या पिल्लासारखी, डोकं आणि शेपूट. डोक्यात नवे तारे धडाधड जन्मताहेत, आणि नेमकं तिथेच ऑक्सिजनसारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण कमी आहे. घट्ट वरणात कुणी एका बाजूला तांब्याभर पाणी ओतलं आणि ढवळलंच नाही, तर ओतणारा हात न बघताही कळतं. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत तयार होतात; बाहेरचा वायू त्या बाबतीत जवळपास कोरा. दीर्घिकेच्या फिरत्या तबकडीत अशी तफावत फार टिकत नाही, म्हणजे कोरा वायू आला तो नुकताच. डोकं आणि शेपूट सारखी निघाली असती, तर मी हा मुद्दा सोडला असता. पत्रिकावाल्यांना अशी अट घालून बघा, सर.

आता दुसरी बाजू. पीएच.डी. करताना मी विरुद्ध गोटात होते. सुपरनोव्हांनी, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांनी, वायू बाहेर उडवायचा, त्यातला थोडा थंड होऊन परत यायचा, पुन्हा तारे; बाहेरून काही येण्याची गरजच नाही. ती पंचविशीतली मुलगी अजून भांडते माझ्याशी. जड मूलद्रव्यं स्फोटांनीच उडून गेली असतील, म्हणते. मग ती डोक्यातूनच का गेली, शेपटीतून का नाही? यावर ती जरा थांबते आणि म्हणते, कोरा वायू कशाला, आख्खी छोटी दीर्घिकाच गिळली असेल. इथे मी गप्प. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या आयसी 10 या बटू दीर्घिकेबाबत हाच पेच आहे. तिच्या बाहेरचा हायड्रोजन आतल्या तबकडीच्या उलट फिरतो, म्हणजे तो मूळचा तिथला नसावा. पण तो मोकळ्या अवकाशातून ओघळला की एखाद्या गिळलेल्या दीर्घिकेचा, हा वाद चालूच आहे.

तरी माझा कल आत पडणाऱ्या वायूकडेच, आणि त्याला कारण डीडीओ 154 नावाची बटू दीर्घिका. तिथे ताऱ्यांच्या कितीतरी पट हायड्रोजन पडून आहे आणि ताऱ्यांचा जन्म मात्र तुरळक. म्हणजे नुसता साठा पुरत नाही. बाहेरून आलेला वायू तबकडीवर आदळतो, तिथला वायू दाबला जातो, दाट होतो, निवतो आणि स्वतःच्याच वजनाने कोसळतो. मोठ्या दीर्घिकांभोवती येणारा वायू बराचसा तापून वरच अडकतो. छोट्यांमध्ये तो थंडच आत उतरतो, असं गणित सांगतं. गणित सांगतं, सर. पाहिलेलं नाही.

अलीकडे-पलीकडेचा घोळ सोडवायची एक रीत आहे: दीर्घिकेच्याच ताऱ्यांच्या उजेडाच्या वर्णपटात वायूने टाकलेल्या काळ्या रेषा शोधायच्या. उजेड अडवतोय म्हणजे वायू अलीकडेच आहे, आणि रेषा तांबड्याकडे सरकल्या असतील, म्हणजे तो आपल्यापासून दूर चालला असेल, तर तो आत पडतोय. अशा रेषा मिळाल्यात, पण थोड्याच दीर्घिकांत. किसोसारख्या चार-दोन दीर्घिकांत त्या स्वच्छ मिळाल्या, तर मी सरांच्या घरी पेढे घेऊन जाईन.

तोवर वर्गात मी फळ्यावर दोन्ही बाण काढते, आतला जरा जाड. पोरं विचारतात, मॅडम, परीक्षेत कुठला लिहायचा? हा भाग परीक्षेला नाही, सांगते.