सीएनसीवर लाकडी पाट्या : स्टेन आधी की रंग आधी?

लाकडी पाटी जमली की नाही हे मी एकाच ठिकाणी बघते, अक्षराच्या कडेला. लांबून लोकांना रंग दिसतो, जवळ आल्यावर अक्षराचं वळण दिसतं, पण पाटी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली की जिथे गडद स्टेन (लाकडात मुरणारा, त्याच्या रेषा दिसू देणारा रंग) संपतो आणि पांढरा रंग सुरू होतो ती रेघ दिसते आणि खरं काम तिथे कळतं. सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरून चालणारं कोरायचं मशीन) असला की ही कड आपोआप मिळते असं खूप जणांना वाटतं, मशीन बारीक कापतं म्हणून, पण मशीनचं काम कापण्यापाशी संपतं, पुढे रंग लाकडात कुठे कुठे पळतो ते आपल्यालाच सांभाळायला लागतं. आणि यूट्यूबवर जे व्हिडिओ आहेत ते जवळपास सगळे इंग्रजी अक्षरांचे, देवनागरीचं गणित थोडं वेगळं पडतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असं समजा. फळी आडवी ठेवली की या नळ्या आडव्या धावतात. आपली शिरोरेषा पण आडवीच, म्हणजे ती नळ्यांना समांतर कापली जाते, तिच्या वरच्या-खालच्या कडेला नळ्यांची तोंडं फारशी उघडी पडत नाहीत, रंग तिथून आत शिरत नाही. पण काना, आणि प, ब, म, य, स अशा सगळ्यांचे उभे दंड, हे नळ्या सरळ आडव्या तोडतात, दोन्ही बाजूंना उघडी तोंडं, त्यात पातळ रंग गेला की तो डावीकडे-उजवीकडे ओढला जातो. वर मास्किंग फिल्म (अक्षराबाहेरचा भाग झाकणारा चिकट कागदासारखा पापुद्रा) कितीही घट्ट दाबलेली असू दे, रंग फिल्मखालच्या लाकडातूनच जातो. म्हणून मराठी पाटीत रंग फुटलेला असेल तर तो बहुतेक वेळा उभ्या दंडाच्या शेजारी, आणि आपल्या अक्षरांत उभे दंड किती असतात ते तुम्हाला माहितीये.

यावर उपाय साधा आहे. कोरून झालं की लगेच रंग लावायचा नाही, आधी त्या कोरलेल्या खाचेत ट्रान्सपरंट सीलर मारायचा, पातळ, दोन हात, त्याने नळ्यांची तोंडं बंद होतात, फिल्मची कड पण लाकडाला धरून बसते, आणि त्यावर मग रंग. अर्धा तास जास्त जातो पण फरक बघाल तर परत कधी ही पायरी सोडणार नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. एक पद्धत अशी की आधी कोरायचं, अक्षरात रंग भरायचा, वरचा सांडलेला रंग सँडरने घासून काढायचा आणि मग पूर्ण फळीला स्टेन. दिसायला सोपी, फिल्मचा खर्च नाही, आणि एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) एकरंगी काम असेल तर ठीक आहे. पण खऱ्या लाकडावर मला ती अजिबात पटत नाही, कारण पांढऱ्या रंगावरून स्टेनचं फडकं फिरलं की पांढरा कायमचा मळकट होतो, आणि घासताना अक्षराची धार गोल होते ती वेगळीच. मी उलट करते. फळी सपाट करायची, घासायची, स्टेन लावायचा, त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक पॉलिश), तो पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग फिल्म, मग कोरायचं, मग सीलर, मग रंग, शेवटी फिल्म काढायची. ओरामास्क ८१३ म्हणून निळसर अर्धपारदर्शक फिल्म येते ती याच कामासाठी बनवलेली आहे, गोंद हलका असतो त्यामुळे खालचं पॉलिश उचलत नाही. क्लिअर कोट अर्धवट वाळलेला असताना फिल्म लावली तर मात्र कुठलीही फिल्म तो सोलून काढणारच, इथे घाई नकोच.

लाकडाबद्दल. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर साग, पाइन, आंबा सगळं मिळतं. आमच्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत, त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं, "अगं, नुसती वरून काय बघतेस, फळीचं टोक बघ, टोकाला वलयं उभी दिसली तर फळी सरळ राहील, कमानी दिसल्या तर पावसाळ्यात वाकणार." तेव्हापासून मी टोक बघितल्याशिवाय फळी उचलत नाही. सागाला मी स्टेन लावतच नाही, त्याचा स्वतःचा रंग असताना त्यावर वॉलनट स्टेन चढवणं मला बघवत नाही, सागात फक्त अक्षरं रंगवते. पण साग तेलकट असतो, रंग आणि पॉलिश नीट धरावं म्हणून आधी थिनरने पुसून घ्यायचा, आणि पांढऱ्या रंगातून लाकडाचा पिवळेपणा वर येऊ नये म्हणून खाली चपडा लाखेचा (शेलॅकचा) हात द्यायचा.

पाइन स्वस्त आणि हलका, आणि स्टेनच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. त्यातला मऊ फिकट भाग स्टेन भरपूर पितो आणि कडक गडद रेषा पीतच नाहीत, त्यामुळे स्टेन लावल्यावर रेषा उलट्या दिसायला लागतात, फिकट होतं ते गडद आणि गडद होतं ते फिकट, वर ठिपके-डाग येतात ते वेगळे. त्यावर पण चपडाच कामाला येतो. स्पिरिटमध्ये अगदी पातळ विरघळवून आधी एक हात, वाळल्यावर बारीक पेपर, मग स्टेन. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश धरत नाही. बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, मेण खाली बसतं, वरचं स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्या. पाण्याचा स्टेन वापरणार असाल तर आधी फळी ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि उभे राहिलेले तंतू घासून टाका, नाहीतर ते स्टेन लावल्यावर उभे राहतात आणि तेव्हा घासलं की रंगच निघतो.

मशीनचं थोडक्यात. व्ही-बिटने (टोकाकडे व्ही आकारात निमुळत्या होणाऱ्या पात्याने) कोरताना खोली अक्षराच्या जाडीवर ठरते. ९० अंशाचा बिट असेल तर १२ मिमी जाड रेघेला ६ मिमी खोली, ६० अंशाचा असेल तर त्याच रेघेला साधारण १०.४ मिमी. म्हणजे १८ मिमीच्या फळीत ठळक शिरोरेषा ६० च्या बिटने कोरली तर अर्ध्याहून जास्त जाडी गेली आणि तीसुद्धा फळीच्या पूर्ण लांबीत, फळी तिथेच कमजोर होते. ठळक फॉन्टला ९० चा बिट घ्या किंवा खोलीला मर्यादा घालून तळ सपाट काढा. दुसरं, फळी सपाट नसेल तर व्ही-बिट माफ करत नाही, ९० च्या बिटला अर्धा मिमी उंचसखलपणा म्हणजे रेघेच्या रुंदीत पूर्ण १ मिमी फरक, नावाचं पहिलं अक्षर जाड आणि शेवटचं बारीक. म्हणून स्टेनच्या आधी सरफेसिंग (फळी सपाट करणं) करायचंच, आणि झेडचा झिरो (खोली जिथून मोजायची ती पातळी) फिल्मच्या वरून घ्यायचा. स्पीडचं म्हणाल तर दोन धारांचा बिट, १८,००० आरपीएम, १,८०० मिमी प्रति मिनिट फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग), म्हणजे प्रत्येक धार ०.०५ मिमी लाकूड काढते, सुरुवातीला एवढं पुरे.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा विषय, अक्षरं. डिझाइन मी इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, मजकुराचा पाथ (बाह्यरेषा) करून लगेच युनियन (सगळे आकार जोडून एक करणं), कारण देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात, युनियन केलं नाही तर टूलपाथ (बिट फिरण्याचा मार्ग) त्या सांध्यावर गोंधळतो आणि शिरोरेषेत अक्षरागणिक खाचा पडतात. फॉन्ट निवडताना ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ चालतात, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आणि मोफत, बलू ठळक आहे त्यामुळे वर सांगितलेलं खोलीचं गणित आधी बघा. पण व्ही-बिटला खरा न्याय देतात ती बोरूच्या वळणाची अक्षरं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं त्यामुळे रेघ जाड-बारीक होत जाते, आणि व्ही-बिट जिथे रेघ जाड तिथे खोल उतरतो, बारीक झाली की वर येतो, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण लाकडात खोली होऊन उतरतं आणि उजेड पडला की अक्षरात सावली फिरते. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींमधली अक्षरं बघत मोठे झालेलो आपण लोक, आपल्याला अक्षराचं वळण कळतं हो, मग दारावरच्या पाटीलाच जो पहिला फॉन्ट दिसेल तो का लावायचा?

ल आणि श पण तपासा. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श, राज्य सरकारचा जीआर पण तेच सांगतो, पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण वेगळं निवडावं लागतं. कुलकर्णी किंवा शिंदे लिहिताना हे डोळ्यात भरतं. दुकानाच्या पाटीचं काम असेल तर अजून एक, २०२२ च्या कायदा बदलानंतर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या करायला सांगितलं होतं, त्यामुळे डिझाइनच तसं मांडा, नंतर मराठी कुठेतरी कोपऱ्यात बसवायला जाऊ नका. अक्षरांची उंची मी ६० मिमीच्या खाली शक्यतो नेत नाही कारण ब, भ, ष, ळ यांच्या पोटातले फिल्मचे तुकडे फार छोटे झाले की बिटच्या वाऱ्याने उडून जातात.

रंग भरताना दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला की फिल्म आणि अक्षर यांच्यावर रंगाची एक सलग कातडी तयार होते आणि फिल्म ओढली की कडेचा रंग सोबत येतो. शेवटचा हात बोटाला चिकटेनासा झाला पण अजून पूर्ण कडक नाही, तेव्हा फिल्म काढायची, अगदी आडव्या कोनात, हळू. पांढराशुभ्र घेण्यापेक्षा मला हस्तिदंती रंग आवडतो, वॉलनटवर तो जास्त उबदार दिसतो आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्यात छान वाचता येतो.

पाटी बाहेर लावायची असेल तर शेवटी पूर्ण पाटीला, मागच्या बाजूला आणि चारही कडांना पण, बाहेरच्या वापराचं पीयू. मागची बाजू कोरडी सोडली तर पावसाळ्यात ती एकटी ओलावा पिते आणि फळी पुढच्या बाजूला वाकते. भिंतीपासून १०-१२ मिमी अंतर ठेवायचं म्हणजे मागे हवा खेळते आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी लाकडाला लागत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घ्या, साध्या लोखंडी स्क्रूला गंज चढला की त्याचे काळे ओघळ थेट पाटीवर येतात. आणि ज्यांना पाटी देते त्यांना सांगून ठेवते, दरवर्षी मे महिन्यात एकदा ओल्या फडक्याने पुसून वरचा कोट तपासा, कुठे पांढुरका किंवा खरखरीत झाला असेल तर बारीक पेपर मारून पीयूचा एक हात द्या, जूनच्या आत.